तलवार धरणारा खांदा

माझं लग्न ठरलं आणि पंधरवड्यातच मामांचा उजवा हात वर जायचा बंद झाला. पहिली बातमी आम्ही पेढ्यांबरोबर बेंगळुरूतल्या आमच्या गवीपूरभर वाटली. दुसरी मामांनी कुणाला कळूच दिली नाही. ते कपाळाला गंध डाव्या हाताने लावायला लागले तेव्हा मामीला संशय आला, आणि मामीला एकदा संशय आला की आमच्या घरात काही लपवायला जागा उरत नाही.

"हात वर करा बघू," ती म्हणाली.

"कशाला?"

"करा म्हटलं ना!"

मामांनी हात वर केला. म्हणजे कंबर वाकवली, मान तिरकी केली, अख्खा देह डावीकडे झुकवला, तेव्हा कुठे हात छातीपर्यंत आला. "हा बघ, गेला की वर," म्हणाले. मला खुदकन हसू आलं, आणि पाठोपाठ आठवलं की तोच हात माझ्या लग्नात लागणार होता.

आमच्यात रीतच आहे तशी. मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीच्या पाठीशी तिचा मामा उघडी तलवार घेऊन उभा राहतो. टोकाला लिंबू खोचलेलं, पातं नवरीच्या डोक्यावर, आणि शेवटच्या अक्षता पडेपर्यंत ते खाली येता कामा नये. शहाजीराजांच्या वेळी आमचे लोक बेंगळुरूला आले म्हणतात. आले ते इथलेच झाले. ताटात भाकरीऐवजी नाचणीचा गोळा, म्हणजे रागीची मुद्दे, आली, बोलण्यात थोड्याचं स्वल्प झालं, थोरला भाऊ अण्णा झाला. तलवार मात्र सुटली नाही. आमच्या घरातली बैठकीच्या भिंतीवर टांगलेली असायची, खाली टीव्ही आणि वर तलवार.

आणि मला पाठीशी दुसरं कुणी नकोच होतं. बाबा गेले तेव्हा मी एवढीशी होते. आई मला घेऊन माहेरी आली ती इथंच राहिली. मला सायकल शिकवली ती प्रतापमामांनी. गणितात मला नापास केलं म्हणून शाळेत जाऊन बाईंशी भांडले ते मामा, आणि चूक माझीच होती हे कळल्यावर घरी येऊन माझ्याशी भांडले तेही मामाच. असा माणूस असताना मी दुसऱ्या कुणाच्या तलवारीखाली उभी राहू?

पण दुसरं कुणीतरी टपलेलं होतंच. आईचे चुलतभाऊ, येसाजीमामा. हाताची बातमी लागली त्याच संध्याकाळी हजर. मिशांना पीळ, पायात करकरणाऱ्या वहाणा. "अण्णा, तू कशाला काळजी करतोस? तुझा हात नाही तर माझा आहे की!" म्हणत त्यांनी भिंतीवरची तलवार काढली आणि बैठकीतच फिरवून दाखवली. पंखा थोडक्यात वाचला.

माझं डोकं फिरलं. "तलवार प्रतापमामाच धरणार," मी ओरडले, "नाहीतर मी रजिस्टर लग्न करते!"

आईने कपाळावर हात मारला. मामांनी येसाजीमामांकडून तलवार घेतली आणि ती परत टांगायला भिंतीजवळ गेले. खिळा त्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण हात काही तिथवर पोचेना. टाचा उंचावल्या, खांदा तिरका केला, तरी नाही. कुणी हसलं नाही. शेवटी मी जाऊन ती टांगली, आणि दुसऱ्या दिवशी मामा एका शब्दानेही न कुरकुरता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले.

डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण आखडून घट्ट झालंय. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, पण हात वर न्यायचा तर फिजिओथेरपीला पर्याय नाही. लग्नाला तीन महिने होते. मी उड्या मारतच बाहेर आले. तीन महिने म्हणजे पुष्कळ झाले, मला वाटलं.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. फिजिओथेरपी म्हणजे नक्की काय, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मामांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. पहिल्या दिवशी माझ्या कायनेटिक होंडावर मागे बसले ते काखेत तेलाची बाटली आणि जुना पंचा घेऊन. गांधी बझारात, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर क्लिनिक होतं. आत गेलो तर पांढरा कोट घातलेली, माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी असलेली एक मुलगी.

"तेल कुठं ठेवू?" मामांनी मला विचारलं.

"अगंबाई, मराठी!" ती मुलगी खुर्चीतून उठलीच. "निपाणीची मी, महानंदा. दिवसभर इंग्लिश आणि कन्नड बोलून जीभ आंबली माझी! बसा की काका. आणि तेल घरी ठेवायचं. इथं मालिश नसतं."

मामांचा चेहरा पडला. पुढचा बराच वेळ महानंदामॅडमनी मामांच्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. कधीपासून आहे, आधी कधी पडला होतात का, कुठल्या कुशीवर झोपता, मागच्या खिशातलं पाकीट निघतं का, शर्टाची कुठली बाही आधी घालता. मग दोन पट्ट्या जोडलेलं एक मापाचं साधन काढलं आणि हात पुढे, बाजूला, पाठीमागे किती जातो ते मोजलं. मामा कंबर वाकवून हात वर न्यायला लागले, तर त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "कंबर नको. मला खांदा दाखवा."

"आज सोडवून टाका की एकदाचा," मामा म्हणाले. "आमचे वस्ताद एका झटक्यात सोडवायचे."

"इथं झटका नाही. सावकाश ताणायचं, आणि इथल्यापेक्षा जास्त काम तुम्ही घरी करायचं. रोज. मी अर्धा तास ताणलं आणि तुम्ही दिवसभर हात पोटाशी धरून बसलात, तर काय उपयोग?"

मी मध्येच तोंड घातलं. "वैशाखात लग्न आहे माझं. मामांना तलवार धरायचीय."

तलवार म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. सगळं नीट विचारून घेतलं, किती उंच, किती वेळ, किती जड. मग म्हणाल्या, "पूर्वीसारखा होईल असं मी आज लिहून देणार नाही. पण तेवढं जमवायचा प्रयत्न करू आपण. एकच सांगते काका. ताण बसेल, तो चालतो. कळ आली की मात्र तिथल्या तिथं सांगायचं. सांगणार ना?"

"सांगतो की," मामा म्हणाले.

इथंच घोळ झाला. मामा तरुणपणी कुस्ती खेळायचे. तालमीला इथं गरडी मने म्हणतात. तिथल्या वस्तादांचा नियम असा, की दुखतं म्हणेल त्याने आखाडा सोडून बाहेर पायरीवर जाऊन बसायचं. मामा एकदाही पायरीवर बसले नव्हते, आणि हे आम्ही दर दसऱ्याला ऐकत आलो होतो. दाढ उपटून आले तरी "काय बी नाही." पायावर सिलिंडर पडलं तरी "काय बी नाही." आमच्यातल्या सगळ्याच पुरुषांचं थोडंफार असंच, पण मामांनी हद्द केली होती. त्यामुळे "सांगतो की" म्हणताना त्यांचा सांगायचा मुळीच विचार नव्हता. बिचाऱ्या महानंदामॅडमना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

पण काय दिवस होते ते! एक दिवसाआड आम्ही जायचो. आधी खांद्यावर गरम शेक, मग थंडगार जेल लावून छोटंसं यंत्र फिरवायचं, मग मॅडम हात धरून सावकाश ताणायच्या. भिंतीवर एक लाकडी शिडी ठोकलेली होती. तिच्या खाचांवरून बोटं एकेक करत वर चढवायची. मामा जीभ दाताखाली धरून शिडी चढायचे आणि मी खालून "अजून एक, अजून एक!" ओरडायचे. शेकाला बसलेले पेशंटही ओरडायला लागले. कन्नड, तमिळ, इंग्रजी, सगळ्या भाषांत मामांना वर चढवणं चालू होतं.

घरी मामीने दाराच्या कडीवरून दोरी सोडली. डाव्या हाताने खाली ओढायची, उजवा वर जातो. मामा सकाळ-संध्याकाळ दोरी ओढत बसायचे, आणि मामी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने रेघ मारायची, हात कुठवर आला त्याची. रेघ खांद्याच्या वर गेली त्या दिवशी मामीने शिरा केला. मी रणजीतला, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, मारतहळ्ळीजवळच्या त्याच्या कारखान्यात फोन लावून ही बातमी दिली. तिकडून तो म्हणाला, "अभिनंदन, पण आपल्या लग्नाचं काही बोलायचं होतं का?"

"दुखतंय का काका?" मॅडम दर खेपेला विचारायच्या.

"छे! काय बी नाही. अजून ताणा."

आणि त्या अजून ताणायच्या. असा पेशंट अजून पाहिला नाही म्हणायच्या. मामा फुशारून माझ्याकडे बघायचे.

मग रेघ खाली यायला लागली. आधी चार बोटं, मग वीतभर. कॉफीचा लोटा मामा परत डाव्या हाताने उचलायला लागले. मामी रोज विचारायची, "जास्त दुखतंय का हो?" आणि मामा रोज म्हणायचे, "हवा पडलीय. म्हणून स्वल्प ताठलंय."

त्या आठवड्यात क्लिनिकमध्ये खूप गर्दी होती. माझं नेहमीचं स्टूल कुणीतरी घेतलं म्हणून मी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसले. मॅडमनी मामांचा हात ताणायला घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर मामांच्या पायाची बोटं आत वळली. घट्ट, पार पांढरी होईपर्यंत. मी वर बघितलं. चेहरा अगदी शांत, पण श्वास थांबलेला.

"दुखतंय का काका?"

"छे! काय बी—"

"खोटं!" मी ताडकन उठले. "मॅडम, खोटं बोलतायत हे! पाय बघा त्यांचे!"

सगळं क्लिनिक वळून बघायला लागलं. मॅडमनी हात अलगद खाली ठेवला. पायाकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, मग खांदा चाचपला. मामांच्या कपाळावर घाम होता.

"कधीपासून दुखतंय?"

मामा छताकडे बघायला लागले.

"पहिल्या दिवसापासून!" मी म्हणाले.

महानंदामॅडमचा पारा मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला पाहिला. "काका, खांद्याच्या आत काय चाललंय ते मला दिसत नाही ओ! मला माझे हात सांगतात आणि तुमचं तोंड सांगतं. त्यातलं एक खोटं बोलायला लागलं तर मी काय करू? मी कळेच्या पलीकडं ताणत बसले इतके दिवस, आणि खांदा चिडून बसला! बर्फाचा शेक घ्यायचा आता, हात लोंबता ठेवून हळूहळू झुलवायचा. ताणणं आठ दिवस पूर्ण बंद."

"आठ दिवस?" मी म्हणाले. "लग्नाला महिना राहिलाय!"

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

घरी येताना मामा मागच्या सीटवर दगडासारखे बसले होते. बुल टेम्पल रोडच्या चढावर म्हणाले, "तू सांगितलंस."

"हो, सांगितलं!" मी बसच्या हॉर्नच्याही वर ओरडले. "आणि पुन्हा सांगेन! तुम्हाला शूरपणा दाखवायचा असेल तर दाखवा. माझ्या पाठीशी मग येसाजीमामा उभे राहतील!" इतकं बोलले आणि मला रडूच फुटलं. डोळ्यांसमोरचा रस्ता दिसेना म्हणून गाडी कडेला घेतली. मामांनी खाली उतरून माझ्या हातात रुमाल दिला. डाव्या हाताने.

आठ दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा मॅडमनी नवा नियम काढला होता. जिथं दुखायला लागेल तिथं मामांनी मोठ्याने म्हणायचं, दुखतंय. त्या तिथंच थांबणार, हात जरा मागे घेणार, मग पुन्हा. न सांगता कळ सोसली असं पायाच्या बोटांवरून दिसलं तर त्या दिवसाचं काम बंद.

हात वर निघाला. मामांनी तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर पडेना. मिटलं, परत उघडलं. मी देवाचा धावा करत होते.

"नोवु," मामा म्हणाले.

कन्नडात दुखण्याला नोवु म्हणतात. मॅडम हसत सुटल्या. "चालतंय! कन्नडात तर कन्नडात!"

आणि काय सांगू, बांध फुटला! "स्वल्प नोवु. हां, इथं नोवु. तुंबा, तुंबा नोवु!" फार म्हणजे तुंबा. इतक्या वर्षांचं साठलेलं दुखणं मामा कन्नडातून सांगत सुटले. खांद्याबरोबर जुना गुडघाही सांगून टाकला. घरी मामीने विचारलं, "हेच मराठीत सांगायला काय होतं?"

"मराठीत कसं सांगू?" मामा म्हणाले. "वस्ताद मराठीत बोलायचे. आई-बाप मराठीत बोलायचे. कन्नड बाहेरची झाली. बाजारात माणूस काय काय बोलतो, ते काय घरात येतं?"

दोरी ओढून झाल्यावर मामीने बर्फाची पिशवी त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि आत गेली.

खांदा मात्र मऊ पडायला लागला. रेघ परत चढली, जुन्या रेघेच्या पुढे गेली! लग्नाला आठवडा उरला तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता खरी तलवार घेऊन या. आम्ही ती जुन्या पडद्यात गुंडाळली आणि स्कूटरवरून निघालो, मामा मागे तलवार आडवी धरून. गांधी बझारच्या सिग्नलला पोलिसाने हात केला. मी ब्रेक दाबला. "काय आहे हे?" त्याने कन्नडात विचारलं. मामा म्हणाले, "फिजिओथेरपी." पोलिसाने आम्हाला जाऊ दिलं.

क्लिनिकमध्ये पडदा सोडला तेव्हा शेकाला बसलेल्या एका आजींनी किंचाळून पाय वर घेतले. मॅडमनी मला नवरीसारखं उभं केलं आणि मामांना मागे. हात सरळ वर नको, कोपर थोडं वाकवून अंगाजवळ, म्हणजे वजन खांद्यावर कमी येतं. तलवार वर गेली. टोक माझ्या डोक्यावर आलं. टाळ्या पडल्या! मॅडम घड्याळ बघत होत्या. "आठ मंगलाष्टकं निघतील," त्या म्हणाल्या. "पण पूर्ण बरा झालेला नाही खांदा, काका. लग्नानंतरही दोन-तीन महिने यायचं. आणि तिथं हात भरून आला तर सांगायचं, कुणीतरी कोपराला खालून आधार देईल. पडेपर्यंत थांबायचं नाही."

लग्नाच्या दिवशी बसवनगुडीतलं ते कार्यालय माणसांनी फुलून गेलं होतं. होसूरचे, कोलारचे, कुठले कुठले पाहुणे, सगळे फेटे बांधून पुढच्या रांगांत. महानंदामॅडम तिसऱ्या रांगेत नऊवारी नेसून बसल्या होत्या. वालगवाल्यांनी, म्हणजे इथल्या सनईवाल्यांनी, पिपाण्या फुंकल्या, अंतरपाट धरला गेला, मी पाटावर उभी राहिले. मागून तलवार म्यानातून निघाल्याचा आवाज आला आणि सगळ्या अंगावर काटा आला माझ्या. डोळे जरा वर केले तर पात्याचं टोक आणि पिवळंधमक लिंबू. आले होते! मामा पाठीशी होते!

भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. एक झालं, दोन झाली. मी मनात मोजत होते. सहा. सात. आठ! संपलं, आता संपलं, म्हणून मी श्वास सोडला आणि तेवढ्यात रणजीतच्या पद्मावतीआत्यांनी भटजींच्या हातातला माईक घेतला. त्यांनी स्वतः मंगलाष्टकं रचली होती. त्यात दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांची नावं होती.

पहिल्या कडव्यात रणजीतचे आजोबा-पणजोबा आले. दुसऱ्यात काका. आत्या प्रत्येक नाव घोळवून घोळवून म्हणत होत्या. लिंबू हलायला लागलं. आधी मला वाटलं पंख्याचा वारा. मग मागचा श्वास थांबला. तो थांबलेला श्वास मी ओळखत होते! मला मागे वळता येत नव्हतं. समोर अंतरपाट, डोक्यावर तलवार, आणि पाठीशी मामा, बोटं आत वळवून उभे. मला दिसत नव्हतं, पण खात्री होती.

"मामा, सांगा," मी ओठ न हलवता म्हणाले.

"काय बी नाही," मागून आलं.

आत्या मावश्यांवर आल्या. रणजीतला पाच मावश्या. लिंबू आता थडथड उडत होतं. पुढच्या रांगेत येसाजीमामा खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते. तलवार आता येणार खाली, सगळ्यांदेखत येणार, आणि मामा आयुष्यभर तोंड वर करणार नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, माझ्यासाठी," मी म्हणाले. "सांगा ना हो."

चौथ्या मावशीच्या नावावर मागून आवाज आला. मोठा, खणखणीत, सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असा, आणि मराठीत.

"दुखतंय!"

आत्या थांबल्या. वालगवाले थांबले. पाचशे माना मामांकडे वळल्या.

"माझा खांदा दुखतोय," मामा म्हणाले. "फार दुखतोय."

येसाजीमामा एका उडीत बोहल्यावर. "दे अण्णा, दे इकडं तलवार!"

"तलवार मी धरलीय," मामा म्हणाले. "तू कोपर धर."

"खालून धरा!" तिसऱ्या रांगेतून महानंदामॅडम ओरडल्या. "ओढू नका, नुसता आधार द्या!"

येसाजीमामा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मामांच्या कोपराखाली धरली. माझ्या डोक्यावरचं लिंबू स्थिर झालं.

"म्हणा आत्या," मामा म्हणाले. "एक मावशी राहिलीय ना? म्हणा आता सावकाश."

असा हशा पिकला, असा हशा, की भटजींनाही तोंडाला उपरणं लावावं लागलं. आत्यांनी पाचवी मावशी एका दमात संपवली. सावधान! अक्षतांचा पाऊस पडला, पिपाण्या वाजल्या, अंतरपाट गेला. समोर रणजीत हार घेऊन उभा होता, आणि मी त्याला तसाच सोडून मागे वळले.

मामांनी तलवार सावकाश खाली आणली होती. घामाने फेटा भिजला होता. पुढच्या रांगेतले फेटेवाले त्यांच्याकडे बघत होते आणि एकाच्याही चेहऱ्यावर थट्टा नव्हती. गर्दीतून वाट काढत मामी पुढे आली. तिचे डोळे वाहत होते.

"सांगितलंत शेवटी," ती म्हणाली. "मराठीत."

मामा ओशाळून हसले. "तू तरी कधी नीट विचारलंस?"

"विचारलं," मामी म्हणाली. "लग्न झाल्यापासून रोज विचारतेय."

मामांनी तलवार येसाजीमामांच्या हातात दिली, मामीचा हात धरून आपल्या खांद्यावर नेला आणि एका जागेवर ठेवला.

"इथं," ते म्हणाले. "इथं दुखतंय बघ."